फादर ग्रे यांची परतीची वाट

एडिंबरोला गेलेली आपली मंडळी किल्ला पाहतात, ऑगस्ट असला तर फेस्टिव्हलच्या गर्दीत हिंडतात आणि पावसाने कृपा केलीच तर आर्थर्स सीटची टेकडी चढून येतात. आम्हीही तेच केले. मात्र शेवटच्या दिवशी मुले आणि सौ. खरेदीत रमलेली पाहून मी दक्षिणेकडे जाणारी बस पकडली आणि मॉर्निंगसाइड भागात उतरलो. तिथे फाल्कन अव्हेन्यू नावाच्या एका शांत रस्त्यावर सेंट पीटर्स हे कॅथलिक चर्च आहे. उंच मनोरा, पुढे लहानसे अंगण. कुठल्याही टूरच्या यादीत ते नसावे. मी तिथे गेलो त्याला कारण होते एक टेलिफोन.

मंडळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे की आम्ही वसईचे कॅथलिक. गणपतीत मी तुमच्याबरोबर आरतीला टाळ्या वाजवतो आणि नाताळात तुम्ही आमच्याकडे केक खाता, हा शिरस्ता आता जुना झाला. वसईत माझा एक मावसभाऊ आहे, माझ्याहून बराच मोठा. त्याने लग्न केले नाही. का केले नाही, हे घरात सर्वांना कळले होते आणि कोणीच कधी बोलले नाही. विशीत असताना एका रविवारी तो मिस्सेला आला नाही, पुढच्या रविवारीही नाही, आणि मग कायमचाच थांबला. यंदाच्या उपवासकाळात त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाला, "पस्तीस वर्षं झाली रे. आता परत जावंसं वाटतं. पण मी जसा होतो तसाच आहे, त्यात काही बदल नाही. मग जायचं ते कोणी?"

मला उत्तर देता आले नाही. मी संगणकातला माणूस. धर्मशास्त्र माझा विषय नव्हे. पण इंजिनिअरला एक सवय असते. प्रश्न अडला की हा पूर्वी कोणाला पडला होता आणि त्याने काय केले, ते तो शोधतो. त्या शोधात मला फादर जॉन ग्रे भेटले.

ग्रे यांचा जन्म १८६६ सालचा, पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन या कष्टकरी वस्तीतला. वडील सुतार, नऊ भावंडांत हे थोरले. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वूलिचच्या सरकारी शस्त्रागारात लेथवर धातू कातायला शिकू लागला. संध्याकाळी तो भाषा, चित्रकला आणि संगीत शिके. सरकारी परीक्षा देऊन तो आधी पोस्टात कारकून झाला आणि पुढे परराष्ट्र खात्याच्या ग्रंथालयात गेला. आपल्याकडे चाळीतून शिकून सचिवालयात पोचलेल्या मुलाचे जेवढे कौतुक होई, तेवढे त्याचे व्हायला हरकत नव्हती. पण इंग्लंडात बोलण्याच्या ढबीवरून माणसाचे घर ओळखले जाई. ग्रे यांनी ती ढबही घासूनपुसून बदलली. त्यात ते देखणे होते आणि कविता करत होते. पाहता पाहता ते ऑस्कर वाइल्डच्या मित्रमंडळात जाऊन बसले.

१८९० साली वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' ही कथा एका मासिकात आली आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. नायक तरुण, देखणा, आडनाव ग्रे. लंडनच्या साहित्यिक वर्तुळात जॉन ग्रे यांना 'डोरियन' म्हटले जाऊ लागले. १८९२ साली एका वर्तमानपत्राने ते छापले तेव्हा मात्र ग्रे यांनी अब्रूनुकसानीची धमकी देऊन माघार घ्यायला लावली. त्या नावाची आधी मौज वाटली होती. आता भीती वाटू लागली.

भीती कशाची, तर १८८५ च्या कायद्याची. त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने एका फौजदारी दुरुस्तीत अकरावे कलम घातले. दोन पुरुषांतल्या कोणत्याही 'असभ्य' वर्तनाला, मग ते चार भिंतींच्या आत का असेना, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होती. आपल्या हिंदुस्थानात तर त्याच राज्यकर्त्यांचे ३७७ कलम १८६२ पासूनच लागू होते. तेव्हा लंडनमधल्या ग्रे यांची भीती आणि शंभर वर्षांनी वसईत गप्प बसलेल्या माझ्या भावाची भीती एकाच कारखान्यातून निघालेल्या होत्या.

आता गंमत पाहा. वाइल्डच्या मंडळात वावरणारे हे ग्रे त्या आधीच कॅथलिक झालेले होते. घरचे संस्कार प्रॉटेस्टंट. पण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात एका लहानशा चर्चमध्ये साध्या कोळिणींबरोबर मिस्सा ऐकताना त्यांच्या मनात काहीतरी हलले आणि १४ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो टिकला नाही. काही वर्षांनी एका पत्रात त्यांनी स्वतःच कबुली दिली आहे. धर्मशिक्षण आपण आंधळेपणाने, मन न लावता घेतले आणि लगेच अशा आयुष्यात शिरलो की आधीचे आयुष्य त्यापुढे निष्पाप वाटावे, अशा अर्थाचे ते लिहितात. म्हणजे ज्याला आपण धर्मांतराची गोष्ट म्हणतो ती ग्रे यांच्या बाबतीत पहिल्या प्रयत्नात फसलेली गोष्ट आहे. मला ते त्यातच जवळचे वाटले. एकदा दिवा लागला आणि जन्मभर उजेड पडला, अशा कथा चर्चच्या मासिकांत पुष्कळ येतात. दिवा लागून विझला आणि पुन्हा लावावा लागला, हे कोणी छापत नाही.

१८९३ साली ग्रे यांचा 'सिल्व्हरपॉइंट्स' हा कवितासंग्रह निघाला. उंच, अरुंद आकार, हिरवे कापड, त्यावर सोनेरी नक्षी, आत बारीक तिरपी अक्षरे आणि भोवती ऐसपैस कोरा समास. या समासांची लंडनने यथेच्छ थट्टा केली. त्याच सुमारास वाइल्डशी त्यांचे फाटत चालले होते आणि मन अगदी खचले होते. अशा वेळी, १८९२ च्या अखेरीला, कवी आर्थर सिमन्स यांनी त्यांची एका माणसाशी ओळख करून दिली. त्यांचे नाव मार्क-आंद्रे राफालोविच.

राफालोविच ग्रे यांच्या सर्वार्थाने उलट. जन्म १८६४, पॅरिसचा. घराणे ओडेसाहून आलेल्या ज्यू बँकवाल्यांचे. पैसा भरपूर, रूप बेताचे, इंग्रजी शिकलेले. लहानपणापासून सांभाळणाऱ्या फ्लॉरेन्स ग्रिबेल या बाईंना बरोबर घेऊन ते लंडनला आले आणि लेखक-कलावंतांना जेवायला बोलावू लागले. वाइल्डने त्यांची क्रूर चेष्टा केली. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना नसेल, पण आपल्या पिढीला हे चांगले कळेल: मेजवानी आपली, अन्न आपले, आणि हसणारे पाहुणेही आपलेच. ग्रे मात्र हसले नाहीत. दोघांची मैत्री जमली ती तब्बल ४२ वर्षे टिकली.

एप्रिल-मे १८९५ मध्ये वाइल्डवरचे खटले झाले. ग्रे यांनी एका बॅरिस्टरला पैसे देऊन कोर्टात बसवले होते. आपले नाव निघालेच तर त्याने उठून आपली बाजू सांभाळावी, एवढेच काम. नाव निघाले नाही. वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. राफालोविचनी त्या प्रकरणावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला. तुरुंगात पडलेल्या माणसाबद्दल त्यांनी ज्या कडवटपणाने लिहिले आहे, ते आजही वाचवत नाही. माझ्या कथेतले हे दोघे संत नव्हेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

पण याच राफालोविचनी १८९६ साली समलिंगी आकर्षणावर एक जाडजूड फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळचे डॉक्टर या आकर्षणाला मेंदूची विकृती म्हणत आणि वकील गुन्हा म्हणत. राफालोविचचे म्हणणे असे की काही माणसांत ही ओढ जन्मजात असते. ती रोग नाही आणि गुन्हाही नाही. ती असलेला माणूस नीच ठरत नाही आणि थोरही ठरत नाही. तो तिचे काय करतो यावर ते अवलंबून. लग्न लावून दिले की पोरगा ताळ्यावर येतो, हा सल्ला त्यांना मुळीच मान्य नव्हता. त्यांचा मार्ग संयमाचा: ती सारी शक्ती मैत्रीत, कलेत, उपासनेत वळवायची. फ्रॉइडने लैंगिकतेवरचे आपले प्रसिद्ध निबंध लिहिण्याला अजून नऊ वर्षे अवकाश होता.

त्याच १८९६ सालच्या आरंभी राफालोविच लंडनच्या फार्म स्ट्रीटवरील जेझुइट चर्चमध्ये कॅथलिक झाले. त्यांच्या या बाई, मिस ग्रिबेल, त्यांच्या आधीच झाल्या होत्या. ग्रे यांची परतीची वाटही याच दिवसांतली. त्या वर्षी त्यांचे 'स्पिरिच्युअल पोएम्स' निघाले, त्यात सेंट जॉन ऑफ द क्रॉससारख्या संतांच्या रचनांची भाषांतरे होती. १८९८ साली त्यांनी परराष्ट्र खात्यातली कायम नोकरी सोडली आणि रोमच्या स्कॉट्स कॉलेजात, स्वतःहून कितीतरी लहान मुलांबरोबर, धर्मगुरूचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली. वय ३२. डिसेंबर १९०१ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

यात मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कायदा कडक होता आणि चर्चचा नियमही कडक होता. पण कायद्याकडे फक्त शिक्षा होती, परत येण्याची सोय नव्हती. शिक्षा भोगून सुटलेल्या वाइल्डला लंडनमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नाही. चर्चच्या नियमाला मात्र पापनिवेदनाचा दरवाजा होता, आणि तो कितीही वेळा ठोठावला तरी चालत होता. १८९० ला फसलेला माणूस पुन्हा येऊ शकला तो त्यामुळे. त्याची ओढ बदलली म्हणून तो आला, असे कुठेही दिसत नाही.

पण याचा अर्थ दरवाजा सर्वांना सारखाच उघडला, असाही नाही. १८९७ च्या मे महिन्यात वाइल्ड तुरुंगातून सुटले, त्याच सकाळी त्यांनी फार्म स्ट्रीटच्या जेझुइटांना चिठ्ठी पाठवली: सहा महिने मला तुमच्याकडे एकांतवासाला येऊ द्या. उत्तर आले की असे तातडीने घेता येत नाही, निदान वर्षभर विचार व्हायला हवा. उत्तर वाचून वाइल्ड रडले. ज्या चर्चमध्ये वर्षभरापूर्वी श्रीमंत राफालोविचचे स्वागत झाले होते, तिथूनच हा नकार आला. नियमाच्या दृष्टीने जेझुइट चुकले असे म्हणता येणार नाही. पण त्या सकाळी कोणी बाहेर येऊन दोन शब्द बोलले असते तर? वाइल्ड फ्रान्सला निघून गेले. नोव्हेंबर १९०० मध्ये पॅरिसच्या एका साध्या हॉटेलात ते मरणपंथाला लागले, तेव्हा त्यांचे जुने स्नेही रॉबर्ट रॉस यांनी धावपळ करून फादर कथबर्ट डन यांना आणले. बाप्तिस्मा आणि अभ्यंग मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, वाइल्ड गेले. रॉस स्वतः कॅथलिक होते आणि स्वतः त्याच ओढीचे होते. दोन्ही गोष्टी असलेल्या मित्रानेच फादरना बोलावून आणले.

फादर ग्रे यांची पहिली नेमणूक एडिंबरोच्या काउगेट भागात, सेंट पॅट्रिक्स चर्चचे सहायक म्हणून झाली. किल्ल्याच्या खालच्या अंगाची ही वस्ती म्हणजे तेव्हा गरीब आयरिश लोकांची दाटी. पोटासाठी समुद्र ओलांडून आलेले लोक. फक्त आपल्यासारखे व्हिसा आणि डिग्री घेऊन नव्हे. पांढरे हातमोजे घालून लंडनच्या नाट्यगृहांत मिरवलेला कवी इथे आजाऱ्यांच्या उशाशी बसू लागला. बेथनल ग्रीनमध्ये वाढलेल्याला ती गरिबी नवी नव्हती.

१९०५ साली राफालोविच आणि मिस ग्रिबेल यांनीही एडिंबरोत घर घेतले. मॉर्निंगसाइडजवळ नवे चर्च बांधायचे ठरले, त्याचा मोठा खर्च राफालोविचनी उचलला. आराखडा रॉबर्ट लोरिमर या नामवंत वास्तुकाराचा. १९०७ मध्ये ते उघडले आणि ग्रे तिथले मुख्य धर्मगुरू झाले ते अखेरपर्यंत. म्हणजे मी ज्या अंगणात उभा होतो ते दोन मित्रांनी मिळून उभे केलेले अंगण होते.

पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांचा दिनक्रम ठरलेला. घरे वेगळी. राफालोविच रोज सकाळी टॅक्सीने मिस्सेला येत. चर्चबाहेर दोघे एकमेकांना, जणू नुकतीच ओळख झाली आहे अशा थाटात, अदबीने नमस्कार करीत. राफालोविचकडच्या जेवणांना शहरातले लेखक, वकील, पाद्री जमत, त्यांत फादर ग्रे असत आणि तिथेही संबोधन 'मिस्टर राफालोविच' असेच. आजारी चित्रकार ऑब्री बियर्ड्स्लीला राफालोविचनी अखेरपर्यंत पैसे पुरवले होते. १८९८ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो वारल्यावर त्याची पत्रे ग्रे यांनी संपादून १९०४ मध्ये छापली. अशी एकमेकांच्या हातून होणारी कामे हाच त्यांच्या मैत्रीचा संसार.

या शिस्तीची किंमतही त्यांनी मोजली. फादर ग्रे 'सिल्व्हरपॉइंट्स'च्या प्रती मिळतील तिथे विकत घेऊन बाजारातून नाहीशा करीत, आणि घरात काही पुस्तके भिंतीकडे पाठ करून ठेवीत, असे त्यांना ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. तारुण्याबद्दल कोणी काढले तर विषय बदलत. साठी उलटल्यावर, १९३२ मध्ये, त्यांनी 'पार्क' नावाची एक विलक्षण कादंबरिका लिहिली. एक धर्मगुरू इंग्लंडच्या डोंगराळ भागात पायी हिंडता हिंडता भविष्यकाळात जातो. तिथे राज्य आहे कृष्णवर्णी कॅथलिक लोकांचे, आणि गोरे जमिनीखाली बिळांत राहतात! साम्राज्य भरात असताना एका इंग्रज पाद्र्याने हे लिहावे, याचे मला कौतुक वाटले. आपण ज्या जगात उभे आहोत तिथे आपण परके आहोत, हे त्यांना आयुष्यभर जाणवत असले पाहिजे.

मिस ग्रिबेल १९३० मध्ये गेल्या. १४ फेब्रुवारी १९३४ रोजी सकाळी नेहमीची टॅक्सी दारात आली, पण राफालोविच उठले नाहीत. झोपेतच गेले होते. तो राखेचा बुधवार होता आणि ग्रे यांच्या पहिल्या बाप्तिस्म्याचा ४४ वा वाढदिवस. चार महिन्यांनी, जूनमध्ये, फादर ग्रेही गेले. जवळजवळ तीस वर्षे लोकांना त्यांचा विसर पडला. १९६३ मध्ये ब्रोकार्ड सिवेल या कार्मेलाइट संन्याशाने त्यांच्यावर ग्रंथ संपादित केला. नाव साधेच: 'दोन मित्र'.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ ला, स्कॉटलंडमध्ये १९८० ला कायदा बदलला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते, ३७७ कलम रद्द ठरवले. कॅथलिक चर्चची मूळ शिकवण बदललेली नाही: संबंधांना मान्यता नाही, ब्रह्मचर्याची अपेक्षा आहे. पण १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाने अशा माणसांना आदराने, करुणेने वागवावे आणि अन्याय्य भेदभाव करू नये, असे स्पष्ट लिहिले. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने अशा जोडप्यांना, विवाहविधीशी गल्लत होणार नाही अशा साध्या रीतीने, आशीर्वाद देण्याची मुभा दिली. कोणाला हे फार वाटते, कोणाला फारच थोडे. आमच्या घरातच दोन्ही मतांचे लोक आहेत.

ग्रे यांच्या वाटेबद्दलही दोन मते होतील. कोणी म्हणेल, ही आयुष्यभराची घुसमट. कोणी म्हणेल, ही साधना. मला दोन्हींत तथ्य दिसते. घुसमट होती ती भिंतीकडे तोंड केलेल्या पुस्तकांत, त्या 'मिस्टर' म्हणण्यात. ती कायद्याने आणि लोकनिंदेने लादलेली होती. साधना होती ती रोज सकाळच्या मिस्सेत. ती त्यांनी स्वतः निवडली होती. एक गोष्ट मात्र नक्की. पहिल्यांदा ग्रे एकटे आले आणि टिकले नाहीत. दुसऱ्यांदा ते आले तेव्हा त्यांना सगळे ठाऊक असलेला एक माणूस शेवटपर्यंत पुढच्या बाकावर बसलेला होता.

पंढरपूरला चोखोबांची समाधी मंदिराच्या बाहेर आहे, हे आपण लहानपणापासून पाहतो. चोखोबांच्या भक्तीत काही कमी नव्हते. पुढे १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा ते मंदिर हरिजनांसाठी खुले झाले. दोन्ही गोष्टी एक नाहीत, मला कळते. पण बाहेर उभे राहिलेल्याने किती थांबावे, हे आत बसलेल्यांच्या हातात असते, एवढे दोन्हींत सारखे आहे. आमच्या घरात पस्तीस वर्षे आत बसलेले आम्ही होतो. भावाला कोणी जाऊ नको म्हटले नाही हे खरे. चल, असेही कोणी म्हटले नाही. त्यात मीही आलो.

चर्चमध्ये त्या दुपारी कोणी नव्हते. थोडा वेळ बसलो, मग बाहेर अंगणात येऊन वसईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. म्हटले, "दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही. पण मी डिसेंबरात येतोय. रविवारी मिस्सेला आपण दोघं जाऊ. मी बाजूला बसेन."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटले लाइन तुटली.

मग तो म्हणाला, "सहाची की आठची?"